मृगाची चार मिनिटं

कातळवाडी, पोलादपूरच्या वर
रविवार, १ डिसेंबर १९६३

दादा,

आधी बातमी, खुशाली मागाहून. मृग सापडला!

आज रात्री बरोब्बर साडेआठला. मी खोपटात यंत्रापुढे बसले होते आणि महिपती बाहेर घोडखिंडीकडे तोंड करून उभा होता. पेन आपलं कागदावर सरळ रेघ ओढत होतं, मी थंडीने काकडत होते, आणि मनातल्या मनात तुझ्या नावाने बोटं मोडत होते. तेवढ्यात महिपती बाहेरून नुसतं "आला" म्हणाला. मी पाहिलं तर पेन हललं होतं. आधी डावीकडे गेलं, मग सावकाश उजवीकडे, मग परत. एकेका लाटेला चांगली सहा-सात मिनिटं. मी बाहेर धावले तर खिंडीच्या वर तिकांड्याचे, म्हणजे मृगाच्या पोटातल्या बाणाचे, तीन तारे एकावर एक उभे, आणि शेजारी तो पुसट डाग. आत आले तर लाट चालूच. दादा, मी तेहतीस वर्षांची मास्तरीण, पण त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर फुगडी घालायची तेवढी बाकी ठेवली.

सप्टेंबरात तू विलायतेला निघालास तेव्हा खांबांवर तारा ताणलेले हे दोन मांडव बघून सगळी वाडी हसत होती. महिपतीची बायको बयाबाई मला म्हणाली होती, यावर शिराळ्याचे वेल सोडले तर निदान भाजी तरी मिळेल. आज तिनेच गूळ आणून हातावर ठेवला.

महिपतीला मी सगळं नीट सांगितलंय. मृगाच्या पोटात त्या डागाच्या जागी वायूचा ढग आहे, त्यात एक नवा तारा जन्मलाय, सूर्यापेक्षा कितीतरी थोराड आणि तापट. त्याच्या उजेडाने भोवतालच्या वायूचे कण फुटतात, आणि ते फुटके कण एकमेकांजवळून जाताना रेडिओच्या लहरी सोडतात. त्या आपल्या तारांना कळतात, ढग असोत की भर दुपार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे बाळंतिणीची खोली हाय. शेगडीची धग भाईर येते." मी मुलींना वर्गात याहून बरं सांगू शकले नसते.

आता व्यवस्था. उद्यापासून मी महाडला, शाळेत. महिपती रोज यंत्र चालू करील, आणि घड्याळात बघून दर दहा मिनिटांनी कागदावर पेन्सिलीची खूण करील. त्याला अक्षर येत नाही, पण आकडे आणि काटे चांगले येतात. मी दर रविवारी सकाळी येऊन बॅटऱ्या बदलीन, घड्याळाला किल्ली देईन आणि गुंडाळ्या घेऊन दुपारच्या गाडीने परत जाईन. तू बजावलंस तशी मी गुंडाळ्या उलगडून मोजणार नाही, तशाच तुला धाडीन. मोजणाऱ्याने बघायचं नाही आणि बघणाऱ्याने मोजायचं नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. म्हणजे पटलं नाही, पण ऐकते.

घड्याळ मात्र तू सांगितलंस तसं नवं घेतलेलं नाही. आप्पांचं घड्याळ आणून लावलंय, कचेरीतलं, लोलकाचं. आप्पा गेले तरी ते कधी चुकलं नाही. यावर वाद नको.

तुझी
सुनीती


महाड, जि. कुलाबा
रविवार, ५ जानेवारी १९६४

दादा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. आई दोन दिवस ते उशाशी घेऊन झोपली. तिला मी फक्त खुशालीच्या ओळी वाचून दाखवल्या, बाकीच्या गिळल्या.

तुझं म्हणणं काय, तर पेनाला जी लाट येते ती मृगाची नसून कोळशाच्या ठेकेदाराच्या पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकची आहे. ट्रकच्या ठिणगीने यंत्र बिघडतं हे मलाही ठाऊक आहे. पण अरे, तो ट्रक हैबती चालवतो! हैबती कुठल्या दिवशी किती वाजता घाट चढेल हे त्याच्या बायकोला सांगता येत नाही. आणि ट्रकची ठिणगी कागदावर कशी दिसते तेही मी पाहिलंय, गवत उगवल्यासारखी, झिपऱ्या झिपऱ्या. आपली लाट तशी नाही. ती एखाद्या शहाण्या माणसाने श्वास घ्यावा तशी आहे.

पहिल्या रात्री मी मृग डोळ्यांनी खिंडीत पाहिला तेव्हाच पेन हललं, हा पुरावा तुला चालत नाही. "डोळ्यांनी पाहिलं म्हणून मनाने लाट काढली." बरं. तुला आकडे हवेत. घेतो आहेसच की आकडे.

हो, गंगाधररावांचंही कार्ड आलं. त्यांच्या प्रयोगशाळेचं यंत्र आपण उसनं आणलंय ते फेब्रुवारीअखेरपर्यंतच आपल्याकडे. तोवर तू "मृग आहे" असं लिहून दिलंस तर ते वर्षभर राहील, आणि ते त्याहून चांगलं दुसरं यंत्रही जोडून देतील. नाही लिहिलंस तर गाडी येईल, तारा उतरतील, आणि कातळवाडीत परत शिराळी लागतील. म्हणजे सगळं तुझ्या एका ओळीवर आलं. मोज बाबा लवकर.

घड्याळाबद्दल तिसऱ्यांदा विचारलंस. घड्याळ उत्तम चालतं. सारखं सारखं काय विचारतोस?

सुनीती


महाड
रविवार, २६ जानेवारी १९६४

श्री. रघुवीर यांस,

तुमचं पत्र काल मिळालं. आज सकाळी झेंडावंदनात शंभर मुलींपुढे उभी राहून मी ताठ मानेने गाणं म्हटलं, आणि पदराखाली ते पत्र माझ्या पोटाला टोचत होतं.

पत्र जसंच्या तसं परत लिहिते, म्हणजे आपण काय लिहिलंत ते आपल्याला दिसेल. "सात दिवस लाट एकाच वेळी येते. रविवारी ती अठ्ठावीस मिनिटं अलीकडे उडी मारते. पुन्हा सात दिवस तीच वेळ. पुन्हा रविवारी उडी. आकाशातला कुठलाही तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, आठवड्याचं एकदम देत नाही. सातचोक अठ्ठावीस हे ज्याला माहीत आहे आणि जो फक्त रविवारी तिथे येतो, अशा माणसाने बसून हे कागद केलेले आहेत. सुनीती, तू हे माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. पण माझ्यासाठी खोटं करू नकोस. मी गंगाधररावांना यंत्र उतरवायला लिहिलं आहे. ते २३ फेब्रुवारीला येतील."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी? मी पेन हाताने हलवत बसले? दर रविवारी सात-सात दिवसांच्या लाटा काढल्या, आणि त्याही गणितात इतकी ढ की रोजच्या चार मिनिटांऐवजी आठवड्याच्या अठ्ठावीस टाकल्या? खोटं करायचं असतं तर मी तुमच्याहून चांगलं केलं असतं. बी.एस्सी.ला गणितात पहिली कोण आली होती ते विसरलात वाटतं. आपल्यापैकी एकानेच पुढे शिकायचं ठरलं, आणि तो एक तुम्ही ठरलात. मी कधी एका शब्दाने बोलले नाही. आज बोलते.

मला राग आलाय तो यंत्राचा नाही. लहानपणी शिवथरच्या घळीत तुम्ही मला अंधारात सोडून पळालात आणि घरी सांगितलंत की मीच हात सोडला. तेव्हाही मी खरं बोलत होते.

कातळवाडीला मी आजही झेंडावंदन आटोपून गेले होते. महिपतीला काही सांगितलं नाही. त्याने आठवड्याचा कागद गुंडाळून दोऱ्याने बांधून ठेवला होता, एखादा धर्मग्रंथ असावा तसा. ती गुंडाळी पिशवीत घालताना मला रडू आलं, तर तो म्हणाला, "थंडीचं डोळं वाहतात, बाय."

आप्पांचं घड्याळ तेल द्यायला म्हणून आज सोबत आणलंय. महिपतीकडे माझं मनगटी घड्याळ ठेवलंय. तेवीस तारखेपर्यंत काम चालू राहील. तुम्ही उतरवा म्हणालात म्हणून मी थांबणार नाही.

सुनीती


महाड
सोमवार, ३ फेब्रुवारी १९६४

रघुवीर,

अहोजाहो करायला मला वेळ नाही आणि दादा म्हणायची अजून इच्छा नाही. पण हे पत्र बसून, पाणी पिऊन वाच.

आधी माझं पाप. आप्पांचं घड्याळ उत्तम चालत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी गेले तर ते चोवीस मिनिटं पुढे. मी मुकाट्याने मागे घेतलं. पुढल्या रविवारी परत चोवीस मिनिटं पुढे. त्याच्या पुढल्या रविवारी परत. दर रविवारी मी काटे मागे घेत होते, आपल्या वहीत लिहून ठेवत होते, आणि तुला "उत्तम चालतं" असं लिहीत होते. का, तर तू नवं घे म्हणाला होतास आणि मी आप्पांच्या नावाने हट्ट केला होता. हट्ट हरला हे मला कबूल करायचं नव्हतं. तू कागद बघत होतास, मी वही लपवत होते. तुझ्यावर चिडायचा मला निम्माच हक्क आहे, पण तो निम्मा मी पूर्ण वापरणार आहे.

आता ऐक. काल सकाळी कातळवाडीला निघण्याआधी मी पेठेत गोमाजी घड्याळवाल्यांकडे गेले. ते आप्पांचं घड्याळ पुढ्यात ठेवून बसले होते. म्हणाले, आठवडाभरात अर्ध्या मिनिटाचा फरक नाही, तेलसुद्धा लागलं नाही, तुमच्याकडे धावतं कसं ते तुमचं तुम्हाला माहीत. मी ते पोत्यात बांधून घेतलं आणि गाडी पकडली. खोपटात शिरले आणि खुंटीवरचं माझं मनगटी घड्याळ पाहिलं. ते माझं घड्याळ, शाळेची घंटा ज्यावर होते ते. लोलकाचं घड्याळ पोत्यात बंद पडणारच, म्हणून गोमाजींनी दुकानातलं एक मनगटी घड्याळ वेळ लावून सोबत दिलं होतं, त्याच्याशी ताडून बघितलं. माझं पुढे होतं. किती? चोवीस मिनिटं!

दोन घड्याळं, एक लोलकाचं, एक कमानीचं, दोघांना एकच रोग, आणि तोही फक्त कातळवाडीत. मी बोटांवर मोजायला लागले. सोमवार ते शनिवार सहा दिवस. सहाचोक चोवीस.

महिपती वाफा भाजायला राबाची कवळं, तोडलेल्या फांद्यांचे भारे, पसरत होता. त्याला हाक मारून विचारलं, घड्याळाला हात लावतोस का? तो मुळीच दचकला नाही. उलट त्याला वाटलं मी शाबासकी द्यायला बोलावलंय.

"लावतो की. रोज चार मिनटं मागं पडतंय. मी लावून घेतो."

"मागे पडतं हे तुला कसं कळलं?"

"मृगावरनं. काल पेन हाललं तवा काटा जिथं होता, आज हाललं तवा त्याच्या अलीकडंच. म्हंजे घड्याळ मागं ऱ्हायलं. मग काटा सरकवतो नि मग खूण करतो. तुमी रईवारी लावता ती येळ खरी. त्या दिसापासनं ती सांभाळायची जिम्मेदारी माजी."

मी म्हटलं, अरे, पण मृग काय रोज एकाच वेळी उगवतो? दिवाळीनंतर रात्री येतो, होळीला तिन्हीसांजेला डोक्यावर असतो, हे तूच मला शिकवलंस ना? तर म्हणाला, ते म्हयन्यांचं झालं, ते आजाला पण ठावं होतं, पण मिनटांत त्याला कोण बघतो? मिनटं तर तुमच्या घड्याळाची. आणि मग जे बोलला ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते मरेपर्यंत विसरणार नाही.

"घड्याळ माणसानं केलंय, बाय. चुकंल. तो नाय चुकत."

रघुवीर, कळतंय का? महिन्यांचं गणित त्याच्यापाशी, मिनिटांचं माझ्यापाशी, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. तो रोज काटे चार मिनिटं पुढे घेऊन मृगाची वेळ कायम ठेवत होता. मी रविवारी ते मागे आणत होते. म्हणून तुझ्या कागदावर सात पायऱ्या सपाट आणि एक उडी! माझी वही सोबत नकलून पाठवते. तिच्यातली दुरुस्ती तुझ्या आकड्यांना लाव. तुला रोजची चार मिनिटं मिळतील, एका दिवसाचाही खळगा न पडता, दोन महिने.

आणि याहून मोठं सांगते. सहा जानेवारीपासून ती लाट उजेडात येते आहे. खिंडीत तारा दिसत नाही, नुसतं ऊन असतं. खोपटात बसून, आकाशाकडे न बघता, एक शेतकरी मृगावर घड्याळ लावत होता, रोज, मिनिटाला मिनिट. ट्रकवर घड्याळ लावता येतं का? माझ्या बोटांवर येतं? सांग ना आता.

महिपतीला मी रागावले नाही. एवढंच म्हटलं की तेवीस तारखेपर्यंत काट्याला हात लावायचा नाही, चुकू दे घड्याळ. त्याचा चेहरा एवढासा झाला. चुकतंय हे दिसत असून गप्प बसायचं हे त्याला अधर्मासारखं वाटतंय.

उत्तर आलं नाही तरी चालेल. गंगाधरराव येतायत तेव्हा बघू.

सुनीती


कातळवाडी
सोमवार, २४ फेब्रुवारी १९६४

दादा,

शाळेला आज रजा टाकली आहे आणि हे पत्र मी मांडवाखाली बसून लिहिते आहे. कुठला मांडव? तोच. उभा आहे!

काल सकाळी दहाला गंगाधरराव आले. मागे गाडी, गाडीत चार गडी, दोरखंड, कुऱ्हाडी. तुझं पत्र त्यांच्या कोटाच्या खिशात होतं, पहिलं, दुसरं काही आलेलं नव्हतं. माझं तुला पोहोचलं नाही की तुला उत्तर सुचलं नाही, देव जाणे. गृहस्थ सभ्य आहेत. मला म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, तरुण निरीक्षकांकडून उत्साहाच्या भरात असं होतं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, पण मी आधी त्यांना पाट दिला, पाणी दिलं.

मग वही पुढे ठेवली. त्यांनी पाहिली, मिशीवरून बोट फिरवलं, म्हणाले की वहीसुद्धा बसून लिहिता येते. खरंच आहे, येते. मी म्हटलं, तर मग आजचं सांगते. आज दुपारी तीनला एक मिनिट कमी असताना पेन हलेल. हैबतीचा ट्रक काल रात्रीपासून महाडला चाकं काढून पडलाय, माणूस पाठवून खात्री करा. तुमची गाडीही ओढ्यापलीकडे नेऊन बंद ठेवा. घड्याळ तुमच्या मनगटावरचं. खोपटात तुम्ही एकटे बसा. मी आणि महिपती त्या आंब्याखाली बसतो, हात मांडीवर ठेवून, तुमच्या गड्यांच्या पहाऱ्यात. नाही हललं तर खांब उपटायला पहिला हात मी लावते.

ते हसले आणि कबूल झाले. दादा, मी म्हणाले खरी, पण मग एकेक आठवायला लागलं. बॅटरी उतरली तर? तार तुटली तर? आदल्याच दिवशी बयाबाईची शेळी खांबाला अंग घासत होती. बयाबाईने सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. गडी जेवले. आंब्याखाली बसले तेव्हा ऊन असं की कातळावर पाय ठेववत नव्हता, आणि समोर घोडखिंड नुसती निळी, रिकामी. कुठल्या वेडीने म्हणावं की तिथे आत्ता एक तारा उगवणार आहे? बयाबाई शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "घाबरू नको गो. तो कुनाचा मिंधा नाय, येल."

माझ्यापाशी घड्याळ नव्हतं, तेही मी गंगाधररावांना देऊन टाकलं होतं. महिपती खिंडीकडे बघत होता. डोळे किलकिले करून, दिसण्यासारखं काही नसताना. मग त्याने गुडघ्यावर थाप मारली आणि उठला.

त्याच क्षणी खोपटातून गंगाधररावांची हाक आली. काय म्हणाले ते मला कळलंच नाही. मी धावले, साडी काट्यांना अडकून टराटरा फाटली, तशीच आत शिरले. पेन डावीकडे जात होतं. सावकाश, शहाण्यासारखं. गंगाधरराव कागदावर ओणवे होऊन स्वतःच्या घड्याळाकडे, मग पेनाकडे, मग परत घड्याळाकडे बघत होते. दोन वाजून एकोणसाठ मिनिटं! लाट उजवीकडे वळली, परत डावीकडे आली. बाहेर फाल्गुनातलं रखरखीत ऊन, आणि आत आमच्यापुढे मृगाच्या पोटातली ती बाळंतिणीची खोली धगधगत होती. मला भर दुपारी तारे दिसले, आणि पहिल्यांदाच कुणी मारल्याशिवाय.

गंगाधररावांनी टोपी काढली. माझ्यापुढे नाही, महिपतीपुढे. सगळी हकिकत मी त्यांना सकाळीच सांगितली होती, तेव्हा ते नुसतं हुं म्हणाले होते. आता त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही बाहेर होतात, घड्याळ नव्हतं, मग गुडघ्यावर थाप कशी मारलीत? ते दारातून पाहत होते म्हणे. महिपती लाजला. म्हणाला, तीन म्हयनं रोज त्याची वाट बघतोय साहेब, वाटसरू कुठं आला असंल ते घरच्याला कळतंच.

गडी संध्याकाळी दोरखंडासकट परत गेले. जाण्याआधी गंगाधररावांनी त्यांच्याकडून मांडवाचा कलता खांब सरळ करून घेतला. आले होते उपटायला! ते स्वतः मुक्काम करून आजही तीनला पाच कमी असताना हजर होते, लहान मुलासारखे. पुढल्या महिन्यात दुसरं यंत्र घेऊन येतायत, आखूड लहरींचं.

आणि हो, वर दादा असं लिहून गेले आहे. लिहिताना लक्षात आलं नाही. राहू दे.

तुझी
सुनीती


महाड
रविवार, २२ मार्च १९६४

दादा,

तुझी तार परवा, शुक्रवारी आली. वीस तारीख, चवदार तळ्यावर माणसांचा पूर, तारवाला बिचारा गर्दीतून सायकल डोक्यावर घेऊन आला आणि म्हणाला, बाई, विलायतेची आहे, वाईट नसू दे. आईने देवापुढे हात जोडले. मी फोडली. "चूक माझी. वही पंधरा दिवस टपालात अडकली. आकडे जुळले. मांडव ठेव. माफ कर." आईला मी या खेपेला सगळे शब्द वाचून दाखवले, एकही गिळला नाही. "माफ कर" दोनदा वाचला.

माफ केलं. शिवथरच्या घळीचंही केलं, पण ते तुला आईसमोर कबूल करावं लागेल.

नव्या यंत्राची बातमी गंगाधररावांनी तुला कळवलीच असेल, तरी मी सांगणार, कारण ती माझी आहे. आखूड लहरींवर मृग जास्त जोराने बोलतो, लांब लहरींवर कमी. ट्रकच्या ठिणगीचं नेमकं उलट असतं. तापलेल्या, फुटलेल्या वायूची हीच खूण, तू मला सप्टेंबरात एस.टी.च्या पायरीवर उभा राहून सांगितलेली. तेव्हा गाडी सुटत होती आणि मला निम्मंच ऐकू आलं होतं. उरलेलं निम्मं आता मृगाकडून ऐकलं.

तू लेखाचा मसुदा धाडलास. त्यावर दोन नावं आहेत, तुझं आणि माझं, आणि माझं आधी. बघून डोळे भरले, खोटं कशाला बोलू. पण मसुदा परत पाठवते आहे, एक दुरुस्ती करून. तिसरं नाव घातलं आहे. तुमच्या तिकडच्या मंडळींना विचित्र वाटेल तर वाटू दे. सातवी ओळ आहे ना, "निरीक्षणातील वेळेची अचूकता", ती कुणाची, हे लिहायला नको? महिपतीला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, नाव कशाला, मी तर काटं फिरवलं. मग थोड्या वेळाने बयाबाईला हळूच विचारताना मी ऐकलं, विलायतेतली माणसं आपलं नाव कसं वाचतील गो?

आता शेवटचं, घड्याळाचं. महिपतीला काट्याला हात लावू नको म्हटल्यापासून तो झुरत होता. रोज मृग वेळेवर यायचा, रोज घड्याळ चार मिनिटं मागे दाखवायचं, आणि हा बिचारा हात बांधून बघायचा. गेल्या रविवारी मी आप्पांचं घड्याळ खोपटातून उतरवून परत गोमाजींकडे नेलं आणि सांगितलं की हे रोज चार मिनिटं पुढे जाईल असं करून द्या. तीन मिनिटं छप्पन्न सेकंद, अगदी मोजूनच म्हणाल तर. गोमाजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, चाळीस वर्षांत चांगलं घड्याळ बिघडवायला आणणारं गिऱ्हाईक पहिलंच. पण त्यांनी लोलकाची चकती वर चढवून दिली, दोन दिवस पेठेत ठेवून पडताळली, आणि आज मी ते खोपटात खुंटीला लावून आले. माझं मनगटी घड्याळ शेजारी टांगलंय, तुझ्या लोकांच्या वेळेसाठी.

महिपती समोर बसून राहिला. पेन हललं तेव्हा त्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं.

दादा, तू तीनदा विचारलं होतंस आणि मी तीनदा खोटं लिहिलं होतं. आता खरं लिहिते. आप्पांचं घड्याळ उत्तम चालतं.

तुझी
सुनीती